किनारा सगळ्यांचा, वाट हॉटेलची

मी काही वर्षं ज्या देशात नोकरी केली, तिथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र होता आणि दुसऱ्या बाजूलाही समुद्रच होता. मधल्या पट्टीवर विमानतळ, संसद, शाळा, दफनभूमी आणि आमचं नियोजन खातं. सुट्टीत चंद्रपूरला आले की आई मला शेजाऱ्यांसमोर हे सांगायला लावायची. शेजारचे एक काका दर वेळी विचारत, "म्हंजे बल्लारपूरवरून निघाला आन् चंद्रपूरले पोचला का देश खतम?" मी हो म्हणायचे. त्यांना त्याचं फार बरं वाटायचं.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मला अजून कुणाचा तरी राग येईल याची भीती वाटते.

तांदूळ, कांदे, डिझेल, शाळेचे खडू, सगळं बोटीनं येई. बोट लांबली की दुकानदार फळीवरचे डबे पुढे ओढून ठेवायचा, म्हणजे मागची रिकामी जागा दिसू नये. देश कशावर जगायचा? परक्या मासेमारी बोटींनी भरलेल्या परवान्यांवर, दुसऱ्यांच्या देशात फळं तोडायला गेलेल्या तरुण पोरापोरींनी घरी पाठवलेल्या पैशांवर, आणि पर्यटकांवर. माझ्या टेबलावर पर्यटकांचा विषय होता. थोडे पाहुणे घ्यायचे, चांगला दर लावायचा, जमीन विकायची नाही, फक्त भाड्यानं द्यायची, असं धोरण होतं. ते मला तेव्हा पटलं होतं आणि खरं सांगायचं तर आजही पटतं. त्यात एक कलम होतं, ज्याचा तिथल्या लोकांना अभिमान होता: भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवरचा किनारा सगळ्यांचा. हॉटेलाची जमीन त्याच्या वर.

माझी घरमालकीण ओहोटीला शिंपल्या वेचायला जायची. एकदा मीही तिच्यासोबत गेले. किनारा तिचाच होता, पण किनाऱ्याकडे जाणारी वाट हॉटेलच्या जागेतून होती. ती नोकरांच्या फाटकाशी थांबली, तिथल्या माणसानं तिच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं, आणि आम्ही कपडे धुण्याच्या यंत्रांमागून, कचऱ्याच्या डब्यांपाशी वळून समुद्रावर गेलो. पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या बाजूला जायचं नाही अशी तंबी होती. तिनं शिंपल्या वेचल्या, कार्ड परत केलं, घरी येऊन मला कालवण वाढलं. त्या महिन्यातल्या अहवालात मी लिहिलं की किनाऱ्यावरचा हक्क अबाधित आहे. साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि "छान" म्हणाले. मलाही ते छानच वाटलं होतं.

आईला फोनवर मी हे सगळं गंमत म्हणून सांगितलं होतं. आई हसली नव्हती.

माझी आई नर्स. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकणं हाच धर्म, आणि आईनं शिकून पहिली नोकरी घेतली ती वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गोंड गावात. माझं लहानपण तिथलं. आई बाळंतपणाला दुसऱ्या पाड्यावर गेली की मी शेजारच्या घरी जेवायचे आणि तिथेच झोपायचे. त्या घरच्या बाईला मी काको म्हणायचे. गोंडीत आईच्या आईला काको म्हणतात. माझी खरी आजी चंद्रपूरला होती, पण केसातल्या उवा काकोनंच काढल्या आहेत, आणि तिच्यासारखा चिमटा माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी घेतलेला नाही.

त्या बेटावरचा माझा करार संपला आणि मी चंद्रपूरला परत आले, तेव्हा त्या गावाकडून निरोप आला. ताडोब्याला गर्दी इतकी झाली होती की जंगलाच्या फाटकापाशी, मोहर्लीत, खोली मिळेना. नागपूरच्या एका कंपनीला नदीच्या त्या बाजूला, गावाच्या सामूहिक जंगलात, तंबूंची वस्ती उभी करायची होती. गावाची एक रीत आहे. तिथे हात वर करून मतदान होत नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, सगळे बसतात आणि शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत काही ठरत नाही. एकानं नाही म्हटलं की विषय पुढच्या बैठकीवर. कुणी चिडत नाही, कुणी टोमणे मारत नाही. आणि ठरवण्याआधी माहीतगार माणसाला बोलावून ऐकून घ्यायचं. नर्सबाईची पोरगी समुद्रातल्या देशाचं पर्यटन चालवून आली आहे, हे गावाला कळलं होतं. चालवून वगैरे मी आले नव्हते, पण ते नाकारायला मी अजिबात घाई केली नाही.

मी बोलले, आणि चांगलं बोलले. त्या देशाची गोष्ट सांगितली: जमीन कशी विकत नाहीत, पाहुणे कसे मोजकेच घेतात, पोरींना घरापाशी काम कसं मिळतं. शिंपल्या वेचणाऱ्या बायांचंही सांगितलं, कारण लोकांना ते आवडतं. गोटुलात सगळे शांत ऐकत होते. मग कोपऱ्यातून काकोनं विचारलं, "थ्या बाया शिंपल्या आनाले जातेत, त कुठून जातेत वं?"

मी म्हणाले, "किनारा त्यांचाच आहे काको. कायद्यानंच आहे तसं."

तिनं विचारलं होतं कुठून, आणि मी सांगितलं कुणाचा. हे मला त्याच क्षणी कळलं. तेवढ्यात कुणीतरी तंबूंच्या संडासाला पाणी कुठून आणणार असं विचारलं, आणि मी त्या प्रश्नावर अक्षरशः उडी मारली. संडासावर मी इतका वेळ कधीच बोलले नव्हते.

शेवटी बाकी सगळ्यांनी हो म्हटलं. काको म्हणाली, "मले नाई जमत. माह्या मोहाच्या मंधात तंबू येते."

गावातल्या प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. काकोची झाडं नदीच्या वळणावर, जिथून सूर्य उगवताना दिसतो. कंपनीला तेच वळण हवं होतं. बैठक उठली. लोक आपापल्या घरी गेले, चहा घ्यायला बोलावू लागले, जणू काही अडलंच नाही.

दुपारी मी काकोच्या अंगणात जेवले. भात आणि अंबाडीची भाजी. तिची नात वाढत होती. मुलगी आणि जावई दोघंही आजारपणात गेल्यापासून घरात त्या दोघीच. नात विशीतली, हाताला चव असलेली, आणि दर वर्षी उन्हाळ्याआधी गावातल्या इतर पोरींबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जाणारी. परत यायची तेव्हा तिची बोटं इतकी भाजलेली असत की आठवडाभर काको तिला भरवायची. मी काकोला म्हणाले की तंबू आले तर पोरीला स्वयंपाकघरात काम मिळेल, मिरची सुटेल. झाडं तुझीच राहतील, करारात मी स्वतः तसं लिहवून घेईन. तिनं तंबाखू मळली. मग मी म्हणाले, "काको, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

हे वाक्य मी कुठल्याही सरकारी टेबलावर उच्चारलं नसतं. तिथे ते चाललंच नसतं. ते फक्त त्या अंगणात चालणार होतं, आणि म्हणूनच मी ते वापरलं.

ती म्हणाली, "तू म्हनून राह्यली त बरंच असन."

पुढच्या बैठकीत तिनं हो म्हटलं. करारात मी सांगितलेलं वाक्य आलं: मोहाच्या झाडांवरचा हक्क अबाधित राहील. वाटेबद्दल एक शब्द नव्हता. मी विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कंपनीच्या माणसाला वाटेचं काढलं असतं तर त्यानं पुन्हा नागपूरला विचारलं असतं, नागपूरनं वेळ घेतला असता, आणि मला माझं पहिलंवहिलं गावचं काम मार्गी लावायचं होतं.

घरी आले तर आई वाल सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थे गळ्यातल्या कार्डाचं सांगितलं का त्यायले?"

"ते वेगळं आहे, आई."

ती वाल सोलत राहिली. माझी आई बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडायला आवडतं, भांडणात मी बहुतेक वेळा जिंकते. शांत माणसापुढे माझं काही चालत नाही.

तंबू आले, आणि वाईट झालं असं अजिबात नाही. पाहुणे मोजकेच आले, कचरा झाला नाही, गावाच्या खात्यात भाडं वेळेवर जमा होऊ लागलं. नात स्वयंपाकघरात लागली आणि वर्षभरात तिथली मुख्य झाली. पाहुणे तिच्या हातच्या मोहाच्या पुऱ्यांचे फोटो काढत. मिरची सुटली. मी आईला हे प्रत्येक फोनमध्ये ऐकवत असे, गरजेपेक्षा जरा जास्तच.

मग मोहाच्या दिवसांत मी गेले. मोह पहाटे गळतो. फुलं जमिनीवर पडली की उजाडता उजाडता वेचायची, नाहीतर चितळं, रानडुकरं, गावची गुरं सगळं फस्त करतात. मी तंबूत उतरले होते, पाहुणी म्हणून, फुकट. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर ऊन चांगलं वर आलं होतं आणि काको मागच्या बाजूनं, गॅस सिलिंडर ठेवायच्या खोलीपासून, टोपली घेऊन येत होती. तिच्या गळ्यात कार्ड होतं. त्यावर व्हिजिटर असं छापलेलं.

तिनं मला पाहिलं आणि हसली. "काऊन वं, आता उठली का?"

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी मूर्खासारखं विचारलं, "हे कार्ड कशाला?"

"फाटकावरचा मानूस देते. सायब लोकायले कळाले पायजे ना, का चोर नाई हाये म्हनून." तिला त्यात काही अपमान वाटत होता की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं कार्ड पदरानं पुसलं होतं, हे मात्र मी पाहिलं.

बाकीचं नातीनं सांगितलं, कांदा चिरता चिरता. फाटक पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून उशिरा उघडतं, तोवर निम्मी फुलं गेलेली असतात. पालापाचोळा जाळायला बंदी, धूर होतो. म्हणून काको वाकून झाडूनं झाडते. आणि ज्या दिवशी तिचा धीर सुटतो त्या दिवशी ती फाटकाची वाट न पाहता मागच्या नाल्यातून जाते, अंधारातच. त्या नाल्यात वाघाचं येणंजाणं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. शेजारच्या गावातली एक बाई मागच्याच मोसमात मोह वेचताना गेली होती. नात म्हणाली, "मी हात जोडले, मॅनेजरले म्हटलं, तिच्यासाठी मधून वाट सोडा. तो म्हनते, करारात नाई."

करारात नाही. करारात जे काही होतं ते मी लिहवून घेतलं होतं.

मी मॅनेजरकडे गेले. तो सभ्य माणूस होता, त्यामुळे जास्तच चीड आली. त्यानं समजावून सांगितलं की तंबूंच्या मधून लोकांची येजा सुरू झाली की एकांत राहत नाही आणि पाहुणे एकांताचेच पैसे देतात. करार वर्षाच्या शेवटी नव्यानं व्हायचाच आहे, गावाला मान्य नसेल तर आम्ही दुसरं गाव बघू. हे तो धमकी म्हणून बोलत नव्हता. बेटावर मीच हॉटेलवाल्यांची बाजू मंत्र्यांना याच शब्दांत समजावून सांगत असे.

वर्षाच्या शेवटी गोटुलात बैठक बसली. मी गेले, बोलावलं नव्हतं तरी. उभी राहिले आणि या खेपेला त्या बायांची वाट सांगितली: फाटक, कपडे धुण्याची यंत्रं, कचऱ्याचे डबे, गळ्यातलं कार्ड. सांगितलं की मला हे पहिल्या बैठकीतच माहीत होतं. वाट मिळत नसेल तर नाही म्हणा, असंही म्हणाले.

लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारे भाऊ म्हणाले, "बाई, तुमी चहा घ्या." बाहेरच्या माणसाचं तिथे ऐकतात, धरत नाहीत. माझं हो तेव्हा धरलं नव्हतं आणि माझं नाही आता धरणार नव्हते. पहिल्या वेळी मी माझं हो काकोच्या तोंडून वदवून घेतलं होतं, एवढाच काय तो फरक.

एकेका घराचं हो येत गेलं. भाडं गावाच्या खात्यात येत होतं, त्यातून शाळेच्या छताचं काम निघालं होतं. त्यांचं हो मला समजत होतं. मग सगळे काकोकडे वळले. मला खात्री होती ती नाही म्हणेल, आणि मनातून मी सुटकेचा श्वास घ्यायच्या तयारीत होते.

काको म्हणाली, "हो."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हातानंच थांबवलं. "मागच्या टायमाले तुह्यासाठी म्हटलं होतं. या टायमाले पोरीसाठी म्हनून राह्यली. तुले काऊन तकलीफ होते?"

तेव्हा नात उठली. ती बायकांच्या बाजूला, दाराशी बसली होती, कंपनीनं दिलेला स्वयंपाकाचा एप्रन घडी करून मांडीवर ठेवलेला. ती म्हणाली, "माह्यं नाई हाये."

एकाचं नाही पुरतं. काको गोंडीत तिच्यावर ओरडली, मला सगळं कळलं नाही, पण मिरचीसाठीचा शब्द कळला. नात खाली बघत राहिली आणि बसली. विषय पुढच्या बैठकीवर गेला, पुढच्या बैठकीतही तिचं नाही कायम होतं, आणि त्याच्या पुढच्या बैठकीआधी कंपनीनं नदीकाठचं दुसरं गाव पाहिलं.

तंबू निघाले. मागे सिमेंटचे चौकोनी ओटे राहिले आणि संडासाचे खड्डे, जे गावानं बुजवले. थंडी संपता संपता गावातल्या पोरींनी भरलेली गाडी तेलंगणात मिरचीला गेली. नात त्या गाडीत होती. जाण्याआधी तिनं मला फोन केला होता, काकोच्या बीपीच्या गोळ्या चंद्रपूरहून पाठवत जा म्हणून. मी म्हणाले, तू नाही म्हणायला नको होतंस, मी दुसरं काहीतरी केलं असतं. ती म्हणाली, "काय केलं असतं ताई?" ती वाट बघत थांबली होती, रागानं नाही, खरंच माझ्याकडे काही उपाय असेल तर ऐकावा म्हणून.

बेटाच्या सरकारला मी एकदा टिपण लिहून दिलं होतं, की तरुणांना बाहेर पाठवणं हे धोरण म्हणून चूक नाही, पण ज्यांना घरापाशी काम आहे त्यांनी जाऊ नये अशी व्यवस्था हवी. भाषा फार सुरेख होती. कुणीतरी ते टिपण जपून ठेवलं असेल. मला ते आठवलं की कानशिलं तापतात.

या मोसमात मोह गळायला लागल्यावर मी काकोकडे राहायला गेले. तंबूत नाही, तिच्या घरी. गोळ्या घेऊन गेले होते. पहाटे ती उठली, दोन टोपल्या काढल्या, एक नातीची. ती मला दिली. आम्ही ओट्यांच्या मधून, नदीच्या वळणाकडे सरळ चालत गेलो. कार्ड नाही, फाटक नाही, नाला नाही. पालापाचोळा तिनं आधीच जाळून ठेवला होता, काळ्या जमिनीवर फुलं पिवळी दिसत होती. मी वेचायला बसले तर पाऊल फुलांवर पडलं. "पाय कुठी ठेवते?" ती खेकसली, आणि मला फार बरं वाटलं.

माझी कंबर लगेच बोलायला लागली. काको थांबत नव्हती. मधूनमधून ती मान वर करून झाडीकडे बघे. दोघी असल्या की एकीनं बघायचं असतं, हे मला तिनंच लहानपणी शिकवलं होतं. मी वेचण्यात गुंगले होते, ती एकटीच दोन्ही कामं करत होती.

तेवढ्यात माझ्या फोनवर नातीचा फोन आला. मिरचीच्या शेतावरून, कामाला सुरुवात व्हायच्या आधी. मागे पोरींचा गलका ऐकू येत होता.

"ताई, काको मोहाले गेली का?"

"इथेच आहे. वेचतेय."

"कुठून गेली?"

"मधून," मी म्हणाले. "सरळ वाटेनं."

'कुठून' याचं उत्तर मला कधीतरी द्यायचं होतं. गोटुलातच द्यायचं होतं, तेव्हा दिलं असतं तर वाट करारात आली असती आणि ती आज स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत असती.

"एकलीच हाये का?" तिनं विचारलं.

काकोला ऐकू गेलं. तिनं टोपली खाली न ठेवताच मोठ्यानं सांगितलं, "तिले सांग, नर्सबाईची पोरगी हाये संगं. भेव नोको म्हना करू."

पलीकडे नात हसली. म्हणाली, "मंग बरं हाये."

दुपारी माझी चंद्रपूरची बस होती. हे मी तिला सांगितलं नाही.